पडद्याखालचा लुडो

११ डिसेंबर

माफ कर. सप्टेंबरपासून एक ओळ नाही. आळस नव्हे – तू मागच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात होतीस, आणि त्या खोलीत आता सासूबाई राहतात. जावयानं तिथे पाऊल टाकायचं नाही. आज शेवटी मुलीला सांगितलं, "मिरेम्बे, निळ्या पुठ्ठ्याची वही आण. उघडू नकोस." उघडली नाही म्हणते. चौदा वर्षांची पोर – विश्वास ठेवतो.

तर. लुब्वामा – माझ्या बायकोचा, रॉबिनाचा, थोरला भाऊ – सप्टेंबर संपता संपता आईला गाडीत घालून इथे घेऊन आला. एक पेटी, एक चटई, पाय बांधलेली एक कोंबडी. "दाजी, गावच्या घराचं छप्पर गेलंय. दोन आठवडे ठेवा. छप्पर घातलं की नेतो." दोन आठवडे! कोंबडीचीसुद्धा पिल्लं मोठी झाली.

अख्ख्या मुकोनो गावात असं दुसरं घर नसेल. सासू आणि जावई एका छपराखाली! आमच्यात सासू जावयासमोर येत नाही. एकत्र जेवण नाही, हाताला हात लागणं तर दूरच – लागला तर पुढे हात थरथरायला लागतात म्हणे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. असलं काही मानत नाही. तरी पॅसेजमधून जाताना आधी खोकतो. तिथे मध्ये हिरव्या फुलांचा पडदा लावलाय. त्या पलीकडे, आम्ही अलीकडे. त्या बाहेरच्या खोलीत आल्या की मी व्हरांड्यात. पाऊस असला तरी व्हरांड्यात. माझ्याच घरात मी खोकत खोकत फिरतो, आणि त्या बिचाऱ्या त्या खोलीत कोंडल्यासारख्या.

सासरे गेल्या वर्षी गेले. मुलगे दोन. लुब्वामाचं कंपालात पक्कं घर आहे, धाकट्या कटेंडेच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी पडून आहे. मुलाच्या घरी आईला पडदा लागत नाही! मग त्या इथे का? राग त्यांच्यावर नाही. त्यांना इथे आणून टाकणाऱ्यांवर आहे.

की थोडा त्यांच्यावरही आहे? नाही. नाही असं लिहितो आणि पुढे जातो.

१२ डिसेंबर

शेजारीण कुंपणावरून: "सासूबाई अजून आहेत वाटतं?" त्या 'अजून'वर केवढा जोर!

१३ डिसेंबर

रॉबिना भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो मिरेम्बेचे बाबा, नाताळला लुब्वामा आणि कटेंडे इथेच येतायत. आई इथे आहे ना."

"आई इथे का आहे, ते विचारलंस त्यांना?"

"सणाच्या तोंडावर नको. पण सण झाला की कोण नेणार ते ठरलं पाहिजे. जानेवारीत ती इथे असली तर लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

मग म्हणाली, काहीतरी खेळ आणा. चार दिवस हे लोक नुसते बोलत बसले तर डोकी फुटतील. खरं आहे. गेल्या नाताळात लुब्वामाकडे बाटल्यांच्या बुचांच्या सोंगट्या करून दोघे ड्राफ्ट खेळत होते – कटेंडेनं पट उधळला आणि जेवायच्या आधीच निघून गेला. सासूबाई त्याचं ताट झाकून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या.

"सगळ्यांना खेळता येईल असा बघा," रॉबिना म्हणाली. "आईलासुद्धा."

आईलासुद्धा! म्हणजे पडद्याआडच्या माणसाला. ते माझ्यावर. का तर मी शिकलेला!

१५ डिसेंबर

कंपालाला गेलो. रस्त्यात माणसं, कोंबड्या, प्लास्टिकची झाडं. खेळांच्या दुकानात एकेक खोका हातात घेतला आणि परत ठेवला. का ठेवला ते इथे लिहितो, म्हणजे मी वेडा आहे की नाही ते मलाच कळेल.

नोटा वाटून जमिनी विकत घ्यायचा खेळ – ह्या घरात? सासरे गेल्यावर कॉफीच्या जमिनीच्या तुकड्यावरून दोघे भाऊ महिनोन्‌महिने बोलत नव्हते. ठेवला. इंग्रजी अक्षरं जुळवायचा – सासूबाई फक्त आमची लुगांडा भाषा वाचतात, आणि कटेंडे विमा कंपनीतले शब्द काढून आम्हाला शिकवत बसणार. ठेवला. पत्ते – या हातातून त्या हातात. नको. ओम्वेसो, आमचा खळग्यांच्या पटावरचा बियांचा खेळ, मला जीव की प्राण. पण त्यात समोरच्याच्या खळग्यातल्या बिया उचलून आपल्याकडे पेरायच्या. त्यांनी बोटं घातलेल्या खळग्यात माझी बोटं? शिवाय बाईमाणसानं त्या पटावर बसू नये म्हणणारे म्हातारे अजून जिवंत आहेत.

सापशिडी जवळजवळ घेतली होती. पण त्यात रस्ता एकच. एखाद्या वेळी माझी सोंगटी आणि सासूबाईंची सोंगटी एकाच घरात आली तर? – हे मी खरोखर, दुकानात उभा राहून, मनात म्हटलं! एम.एस्सी. झालेला माणूस!

दुकानातल्या मुलीनं विचारलं, "काका, कुणासाठी हवाय?"

"सासूबाईंसाठी."

"त्यांना भेट?"

"नाही. खेळायला. आम्ही सगळे."

"सासूबाईंबरोबर? तुम्ही?" आणि तिनं पलीकडच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला हाक मारली, "अगं इकडे ये, हे काका काय म्हणतायत ऐक!"

काही न घेता आलो. येताना टॅक्सीत इतका चिडलो होतो की शेजारचा माणूस सरकून बसला. त्या मुलीवर कसला राग? लुब्वामाच्या छपरापायी मी दुकानात हसं करून घेतो – त्याचा.

१६ डिसेंबर

लुब्वामाला फोन केला.

"छप्पर कुठवर आलं?"

"होतंय होतंय, दाजी."

"तीन महिने होतंय! चर्च बांधताय की काय?"

हसला. "पत्रे मिळत नाहीयेत."

गाड्यांचे सुटे भाग विकतो, परदेशातून इंजिनं मागवतो – ह्याला पत्रे मिळत नाहीत! "मग तोवर आईला तुझ्याकडे ने," म्हटलं. मग म्हणाला, "दाजी, नाताळात बोलू." फोन ठेवला. मी त्याला जे म्हणालो ते फोन ठेवल्यावर म्हणालो, म्हणून इथे लिहीत नाही.

१९ डिसेंबर

लुडो घेतला! नाक्यावरच्या सुताराकडून – लाकडी, वर काच, सहा रंगांचा. मोटरसायकलवरून भाडी नेणारी बोडावाली पोरं दिवसभर झाडाखाली कुटतात तसाच. प्रत्येकाचा रंग वेगळा, घर वेगळं, दार वेगळं. सोंगटी मारली तरी कुणाचा हात कुणाला लागत नाही. हाच. मला आधी का सुचला नाही? स्वस्त आणि गावठी म्हणून. हेही लिहून ठेवतो.

२१ डिसेंबर

करून पाहिलं. पट पडद्याखाली सरकवला – अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. अलीकडे मी आणि रॉबिना, पलीकडे सासूबाई आणि मिरेम्बे. नियम असा की फासा डब्यात घालून पटावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, मगच पलीकडचा हात बाहेर येणार. पहिल्या दोन-तीन खेपांना मी हात इतका मागे घेतला की रॉबिना म्हणाली, "खिशात घाला ना सरळ."

मला वाटलं होतं, म्हातारीला शिकवावं लागेल. छे! फासा असा खडखडवतात की कपाटातले पेले वाजतात. मिरेम्बेनं माझी सोंगटी सोडून दिली तर आतून आवाज, "सोडलीस का? मार! बाप आहे म्हणून काय झालं!" माझ्या तीन सोंगट्या एकामागून एक घरी धाडल्या, आणि वर म्हणाल्या, "जावईबापू, शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं?"

हसलो. मोठ्यानं. त्याही हसल्या. ह्या घरात आल्यापासून त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

मग दिवसभर राग जास्तच. हे हसू त्यांच्या मुलांच्या घरात असायला हवं. माझ्याकडे पडद्याखालून काय येतं? एक मनगट आणि तांब्याचं कडं.

(हात थरथरत नाही. फळ्यावर रेघ ओढून पाहिली, सरळ आली. ओढून पाहिली हे खरं.)

२४ डिसेंबर

आले. लुब्वामा एकटाच – बायको मुलांना घेऊन तिच्या माहेरी. कटेंडेनं खायला तळलेल्या टोळांची पिशवी आणलीय. दोघे आधी पडद्याआड जाऊन आईला भेटले. बराच वेळ कुजबुज. लुब्वामाचा आवाज चढला – "किती दिवस, आई?" – आणि सासूबाईंचं "हळू बोल." बाहेर आला तेव्हा तोंड पडलेलं.

किती दिवस! हे तो तिला विचारतो! मी मुठी आवळून मटोक्याची कच्ची केळी शिजत होती त्या चुलीजवळ बसून राहिलो. रॉबिनानं वचन घेतलंय – उद्याचं जेवण होईपर्यंत एक शब्द नाही.

२५ डिसेंबर

हात अजून स्थिर नाही. थरथर नव्हे, संताप. नीट क्रमानं लिहितो.

चर्चहून आलो. केळीच्या पानातली कोंबडी, मटोके, भात, सगळं यथासांग. जेवण झालं. रॉबिना मागे भांड्यांत. मी पट मांडला – मी, लुब्वामा, कटेंडे, मिरेम्बे. पडद्याआड सासूबाई चटईवर पडल्या होत्या. झोपल्यात असं मी धरून चाललो.

लुब्वामानं फासा डब्यात टाकला आणि म्हणाला, "नुसतं काय खेळायचं? काहीतरी लावू."

"काय लावतोस? सोडाच्या बाटल्या?" – कटेंडे.

"नाही." आणि मग मोठ्यानं, उगाच मोठ्यानं, "हरेल तो आईला नेईल!"

कटेंडे टोळ चावता चावता थांबला. मग हसला. "आणि दाजी हरले तर?"

"तर काय! न्यायचा त्रास तरी वाचला!"

मिरेम्बे माझ्याकडे बघायला लागली.

आता खरं लिहायचं. मी पट उधळायला हवा होता. काच फोडायला हवी होती. मी म्हणालो, "काय बोलतोस लुब्वामा" – एवढंच, तेही अर्धवट हसत. आणि डबा माझ्याकडे आला तेव्हा मी फासा टाकला. सहा पडले. आणि मला आनंद झाला! क्षणभर, पण झाला – सहाचा, सुटल्याचा. तीन महिने मी ह्या दोघांना शिव्या घालतोय, आणि आईच्या नावानं लावलेल्या डावात सहा पडले म्हणून माझं मन टुणकन उडालं. माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

सोंगटी बाहेर काढली, तेवढ्यात पडद्यामागून –

"कुठला रंग उरलाय?"

कटेंडेनं टोळांची पिशवी खाली ठेवली.

"आई, आम्ही आपली गंमत –" कटेंडे.

"गंमतच आहे ना? मग मलाही घ्या. हरणारा नेणार. आणि मी जिंकले तर कुठे जायचं ते मी सांगणार. मिरेम्बे, पट इकडे ओढ."

दोन रंग उरले होते, त्यांनी पिवळा घेतला. पट पडद्याखाली गेला. रॉबिना ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तिला मिरेम्बेनं कानात सांगितलं असावं, कारण ती भावाला म्हणाली, "लाज आण रे थोडी," आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

असा लुडो मी आयुष्यात खेळलो नाही. फक्त फासा. सासूबाईंची शेवटची सोंगटी दाराशी येत होती आणि मला तीन पडले – बरोबर तिच्यावर. हात तिथेच राहिला. मारली तर त्या हरू शकतात. हरल्या तर त्यांचा शब्द गेला. मी दुसरी सोंगटी उचलणार, तर आतून, "जावईबापू, मारा. दया कराल तर मला जिंकून काय उपयोग?"

मारली. लुब्वामा "वा दाजी" म्हणाला, आणि त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

पुढच्याच खेपेला त्यांना सहा, मग पुन्हा सहा, मग लुब्वामाची पिकत आलेली सोंगटी त्यांनी अशी उडवली की काचेवर टणत्कार! मग त्यांना कुणी अडवलं नाही. त्या जिंकल्या. मिरेम्बे किंचाळली.

"सांग आई," रॉबिना म्हणाली. "कुठे जायचंय?"

लुब्वामा गुडघ्यांवर कोपरं टेकून पडद्याकडे बघत होता – भिकाऱ्यासारखा. 'माझ्याकडे नको' म्हणून, आणखी कशासाठी?

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

२६ डिसेंबर

सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं.

लुब्वामा सकाळीच निघाला. फाटकाशी गाठला आणि सगळं ओकलो. तू मुलगा आहेस की भाडोत्री ड्रायव्हर, आईला सामानासारखी उतरवून गेलास. तिच्या नावानं फासा टाकतोस. तुझं छप्पर, तुझे पत्रे, तुझी चार खोल्यांची माडी – आग लागो त्या माडीला! शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. राहू दे! कटेंडे गाडीत मागे बसून नखं बघत होता. त्यालाही दोन ठेवून दिल्या – शब्दांच्या.

लुब्वामानं सगळं ऐकून घेतलं. एकदाही उलटून बोलला नाही. मग म्हणाला, "झालं, दाजी? बॅटरी उतरलीय. जरा धक्का मारा."

आणि मी मारला! चिडून चिडून त्याच्या गाडीला धक्का मारला!

रॉबिना दिवसभर बोलत नाही. उद्या सासूबाईंच्या गावी जायला मसाक्याची पहिली बस धरतो. छप्पर डोळ्यांनी बघून येतो. पत्रे मीच घालतो, मीच गवंडी लावतो – पण पुन्हा ह्यांचं 'होतंय होतंय' नको.

२७ डिसेंबर

छप्पर आहे! पूर्ण. एक भोक नाही, एक खिळा ढिला नाही. दुपारच्या उन्हात डोळे दिपले.

आणि अंगणात दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत. दाराला नवा निळा रंग. शेजारी कॉफी वाळत घालणारा म्हातारा म्हणाला, "घर? नवे मास्तर राहतात ना भाड्यानं. सप्टेंबरपासून. बायकोच्या माहेरी गेलेत सणाला. म्हातारी लेकीकडे सुखात आहे ना?"

भाड्यानं! आईला बाहेर काढून आईचं घर भाड्यानं दिलं, आणि मला छपराची गोष्ट! तिथेच अंगणात उभा राहून फोन लावला. लुब्वामा उचलत नाही. कटेंडेनं उचलला. मी काय काय बोललो – कॉफीवाला म्हातारा हातातलं फावडं टाकून ऐकत होता. कटेंडे शेवटी म्हणाला, "दाजी, आईला विचारा." आईला विचारा! स्वतः सांगायची हिंमत नाही, म्हणून माझ्याकडून तिचं काळीज फोडायचं!

परतीच्या बसमध्ये उभ्यानं आलो. रॉबिनाला सांगितलं, ती तोंड झाकून रडली. आईला कुणी सांगायचं? ती म्हणते, माझ्याच्यानं होणार नाही. सासू-जावयाचं बोलणं म्हणजे खुशाली आणि फार तर लुडो. पण त्यांना अंधारात ठेवणं हेही त्यांच्या मुलांसारखंच होईल. सांगणार.

२८ डिसेंबर

न्याहारीनंतर पडद्याजवळ जाऊन खोकलो आणि सांगून टाकलं. छप्पर शाबूत आहे. घर भाड्यानं दिलंय. तुमच्या मुलांनी तुम्हाला फसवलं.

पलीकडे चटई सरकली. मग –

"पोरांना बोलू नका, जावईबापू. छपराचं मीच सांगायला लावलं. मास्तरांना किल्लीही मीच दिली. तुमचे सासरे गेल्यापासून त्या घरात मला सकाळ झाल्यासारखं वाटेना. सुनेच्या हाताखाली जायचं नव्हतं. लेकीजवळ राहावंसं वाटलं. पण जावयाच्या घरी राहते, हे सासूनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? लुब्वामा म्हणत होता, आई, आता तूच सांग; ती पैजही त्यानं मी बोलावं म्हणूनच लावली. त्या दिवशी जिंकूनसुद्धा धीर झाला नाही."

तीन महिने दोघांनी माझ्या शिव्या खाल्ल्या. एकानंही तोंड उघडलं नाही.

उद्या: गवंड्याला बोलावणे – मागच्या अंगणात एक खोली, दार वेगळं.